सांकेतिक भाषांचा ध्वनिविचार : कुलूप आणि किल्ली

भाषा ही माणसाने परस्परांना समजावे म्हणून घडविली, असे आपण सर्वजण मानतो. आणि ते खरेही आहे. परंतु भाषेच्या इतिहासाचे एक दुसरे दालनही आहे. तेथे माणसाने भाषा घडविली ती चारचौघांना समजू नये म्हणून. ग्रंथालय ही संस्था ज्ञानाची दारे उघडण्यासाठी जन्माला येते. अशा संस्थेच्या शताब्दी ग्रंथात दारे बंद करणाऱ्या भाषांविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. तरीही हा विषय मी बुद्ध्याच निवडला आहे. कुलूप कसे घडले हे पाहिल्यावाचून किल्लीचे मोल कळत नाही.

ह्या कृत्रिम भाषांचा विचार करताना त्यांच्या शब्दांकडे आपले लक्ष चटकन जाते. ध्वनींकडे मात्र सहसा जात नाही. वस्तुतः त्यांचे मर्म ध्वनिव्यवस्थेतच आहे. नवी भाषा रचू पाहणारा माणूस अर्थ लपवू शकतो, शब्द उलटेपालटे करू शकतो. परंतु स्वतःच्या मुखात लहानपणापासून बसलेली वर्णांची घडी त्याला सहजी मोडता येत नाही. लपवायला निघालेली ही भाषा आपल्या मातृभाषेची रचनाच उघड करून दाखविते. मराठीतील काही उदाहरणांच्या आधारे हे येथे पाहावयाचे आहे.

मुखाची भाषा

आरंभ अगदी घरातून करू. 'च'ची भाषा ज्याने बालपणी बोलली वा ऐकली नाही असा मराठी वाचक विरळाच. तिचा नियम सोपा आहे. प्रत्येक शब्दातील पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवावयाचे आणि शब्दाच्या आरंभी 'च' बसवावयाचा. 'मला पाणी हवे' याचे 'चलाम चणीपा चवेह' होते. 'भाकरी'ची 'चकरीभा' होते. 'तू' हा एकाक्षरी शब्द 'चतू' होतो. सुटीत जमलेली भावंडे ही भाषा इतक्या वेगाने बोलतात की, ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांची मती गुंग व्हावी. ही भाषा कोणी रचली, केव्हा रचली, याची नोंद नाही. ती कोणत्याही शाळेत शिकविली जात नाही. थोरली बहीण धाकट्या भावाला शिकविते, एवढीच तिची गुरुपरंपरा.

आता तिचे ध्वनिशास्त्र पाहा. 'प्रकाश' हा शब्द ह्या भाषेत 'चकाशप्र' असा होतो. 'प्र'मधील 'प्' आणि 'र' वेगळे करण्याचा विचारही मुलांच्या मनात येत नाही. म्हणजे त्यांच्या लेखी भाषेचा घटक वर्ण नव्हे, तर अक्षर होय. 'घर' हा शब्द आपण बोलताना 'घर्' असाच उच्चारतो. कानाला तो एकाच ठोक्याचा वाटतो. तरीही मुले त्याचे 'चरघ' करतात, जणू 'घ' आणि 'र' ही दोन पूर्ण अक्षरे आहेत. शब्दाच्या शेवटी असलेला जो 'अ' बोलण्यातून लोपला आणि लेखनात तेवढा टिकून राहिला, तो ह्या खेळात पुन्हा जिवंत होतो.

याहूनही मार्मिक गोष्ट त्या आरंभीच्या 'च'ची आहे. हा 'च' कशासाठी? केवळ ऐकणाऱ्याला गोंधळात पाडण्यासाठी, असे उत्तर कोणीही देईल. पण क्षणभर तो काढून पाहा. 'पाणी'चे उरते 'णीपा', आणि 'बाळ'चे 'ळबा'. मराठीत 'ण' आणि 'ळ' हे वर्ण विपुल आहेत. परंतु ते शब्दाच्या आरंभी कधीही येत नाहीत. 'णीपा' म्हणताना मराठी जीभ अडखळते. आरंभी 'च' ठेवला की 'चणीपा', 'चळबा' असे शब्द तयार होतात, आणि ते निरर्थक असले तरी मराठी वळणाचे असतात. पहारेकऱ्याप्रमाणे दाराशी उभा राहून हा 'च' मराठीच्या ध्वनिनियमांचे रक्षण करीत असतो. ज्या अनाम बालकांनी हा खेळ रचला, त्यांना व्याकरण ठाऊक नव्हते; पण व्याकरण त्यांच्या जिभेवर होते.

भोपाळसारख्या उर्दू-हिंदीच्या प्रदेशात राहणाऱ्यांना याच जातीची 'फ की बोली' परिचित असेल. तिच्या एका प्रकारात प्रत्येक अक्षरानंतर त्याच स्वराचा 'फ' घातला जातो. 'पानी'चे 'पाफानीफी' होते. तेथे अक्षरांचा क्रम बदलत नाही, केवळ मध्ये भर पडते. दोन्ही खेळांचा उद्देश एकच, परंतु घडण निराळी आहे.

शास्त्रकाराची भाषा

मुलांच्या खेळातून शास्त्रग्रंथांकडे वळले की हीच प्रवृत्ती प्रौढ रूपात भेटते. वात्स्यायनाने कामसूत्रात ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत 'म्लेच्छितविकल्प' नावाची एक कला आहे. शब्द शुद्ध असूनही अक्षरांच्या अदलाबदलीने त्याचा अर्थ इतरांना कळू नये, अशी योजना करणे म्हणजे म्लेच्छितविकल्प. ह्या ग्रंथावरील 'जयमंगला' टीकेचा कर्ता यशोधर याने तिचे प्रकार दिले असून त्यांतील 'मूलदेवीय' नावाचा प्रकार विशेष लक्षणीय आहे.

मूलदेवीय पद्धतीत वर्णांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि जोडीतील एकाच्या जागी दुसरा घ्यावयाचा असतो. अ आणि क, ख आणि ग, घ आणि ङ, च आणि ट, त आणि प, ञ आणि ण, न आणि म, य आणि श, र आणि ष, ल आणि स अशा ह्या जोड्या होत. बाकीचे वर्ण आहेत तसेच राहतात. त्यामुळे 'नगर'चे 'मखष' होते, आणि आपल्या 'मराठी'चे 'नषाठी'. तोच नियम पुन्हा लावला की मूळ शब्द परत मिळतो; कुलूप आणि किल्ली एकच.

ह्या जोड्या वरवर पाहता मनमानी वाटतात. त्या तशा नाहीत. 'य' तालव्य अंतःस्थ, तर त्याचा जोडीदार 'श' तालव्य ऊष्म. 'र' मूर्धन्य, तर 'ष'ही मूर्धन्य. 'ल' दंत्य, तर 'स'ही दंत्य. अनुनासिक 'न'ला अनुनासिक 'म' आणि 'ञ'ला 'ण' मिळाला आहे. वर्गारंभीच्या 'च'ला वर्गारंभीचा 'ट', 'त'ला 'प' दिला आहे. मुखातील उच्चारस्थानांचा जो विचार आपल्या शिक्षाग्रंथांनी केला, त्याच्याच पायावर हे कुलूप घडविलेले आहे. ज्या वर्णमालेने वेदांचा उच्चार शतकानुशतके अचूक राखला, तीच येथे गुपित राखण्याच्या कामी आली.

तथापि 'च'ची भाषा आणि मूलदेवीय यांत एक मोठा भेद आहे. मूलदेवीय पद्धतीने 'घर' शब्दाचे 'ङष' होईल. आरंभी 'ङ' असलेला शब्द कोणत्या मराठी वा संस्कृत भाषकाच्या मुखातून सहज निघणार? अशी भाषा कागदावर शोभते. ती धावत्या संभाषणात टिकावयाची नाही. ती शास्त्रज्ञाने लेखणी हातात घेऊन रचली आहे, आणि 'च'ची भाषा अंगणात धावता धावता जन्मली आहे. एका भाषेला जिभेचा कौल मिळाला आहे, तर दुसरीला केवळ बुद्धीचा.

हाताची भाषा आणि पेठेची भाषा

मध्यंतरी एका मूक भाषेचाही उल्लेख करावयास हवा. 'नेत्रपल्लवी' आणि 'करपल्लवी' हे शब्द आपण आज बहुधा अलंकारिक अर्थाने वापरतो. करपल्लवी ही मात्र खरोखरीची पद्धत होती. तीत वर्णमालेच्या आठ वर्गांसाठी आठ हस्तमुद्रा असत. स्वरांसाठी नागाचा फणा, कवर्गासाठी कमळ, चवर्गासाठी चक्र, टवर्गासाठी धनुष्याचा टणत्कार, तवर्गासाठी वृक्ष आणि पुढे याच रीतीने. मुद्रेच्या संस्कृत नावाचे पहिले अक्षर हेच त्या वर्गाचे चिन्ह होय, हे वाचकांच्या ध्यानात येईलच : अहीचा 'अ', कमळाचा 'क', चक्राचा 'च', तरूचा 'त'. वर्ग कळला की त्यातील कितवे अक्षर ते बोटांनी दाखवावयाचे, आणि मात्रा चुटकीने. येथे ध्वनी मुळीच उरला नाही. उरली ती केवळ ध्वनींची मांडणी. वर्णमाला वर्गवार रचलेली नसती, तर ही भाषा जन्मालाच येऊ शकली नसती. ज्यांच्या लिपीत अक्षरांचा क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला नाही, त्यांना अशी सोय नाही.

पेठेतील व्यवहाराने एक निराळीच वाट धरली. दलाल आणि दुकानदार यांना गिऱ्हाइकासमोरच भाव बोलावयाचा असतो, आणि तो गिऱ्हाइकाला कळू द्यावयाचा नसतो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो, तो याच गरजेपोटी. ह्या गरजेतून मराठी व्यापाऱ्यांची 'नंदभाषा' निर्माण झाली. तीत एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू, चाराला पोकू, पाचाला मुळू, सहाला शेली, साताला पवित्र, तर आठाला मंगी म्हणत. येथे अक्षरांची अदलाबदल नाही. अंकांना थेट नवी नावेच दिली आहेत. ही नावे तयार करताना त्या अज्ञात व्यापाऱ्यांना हवे ते ध्वनी हव्या त्या क्रमाने वापरण्याची पूर्ण मोकळीक होती. तरी त्यांनी काय केले ते पाहा. 'पवित्र' हा तयार शब्द सोडला तर वरील एकाही नावात जोडाक्षर नाही. बहुतेक शब्द 'ऊ' वा 'ई'ने संपतात, जसे लाडू, विंचू, पाणी, भाकरी. 'मुळू'मध्ये 'ळ' आहे, पण तो शब्दाच्या आरंभी नाही. कोणाही अपरिचिताने दुरून ऐकले तर अर्थ कळणार नाही. परंतु बोलणारा मराठी आहे, हे मात्र तत्काळ कळेल.

डोळ्यांची भाषा

आता ह्या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रकरणाकडे यावयाचे. महानुभाव पंथाने मराठी वाङ्मयाला जे दिले, त्याची थोरवी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी लोकभाषेत निरूपण केले, नागदेवाचार्यांनी संस्कृतापेक्षा मराठीचा आग्रह धरला, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, केशिराजबासांनी सूत्रपाठ आणि दृष्टान्तपाठ संकलित केले. धर्मग्रंथ सामान्य स्त्रीपुरुषांना कळावेत, हा त्यामागील हेतू. आणि इतिहासाचा विलक्षण योग असा की, सर्वांना कळावे म्हणून मराठीत अवतरलेले हेच वाङ्मय पुढे सांकेतिक लिपीत बंदिस्त झाले.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी परचक्राच्या धामधुमीत, जिला पंथीय परंपरा 'खालशाची धाड' म्हणते, पंथाच्या पोथ्या नष्ट झाल्या. ज्यांना त्या मुखोद्गत होत्या, अशा साधुसाध्वींच्या स्मरणातून त्या पुन्हा लिहिल्या गेल्या. त्याच शतकात 'सह्याद्रिवर्णन' लिहिणाऱ्या रवळोबासांनी 'सकळ' लिपी सिद्ध केली. पुढे 'सुंदरी'सारख्या इतरही लिपी पंथाच्या निरनिराळ्या आम्नायांत प्रचलित झाल्या. सांकेतिक लिपी का स्वीकारली, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. विरोधकांपासून ग्रंथांचे रक्षण व्हावे, अनधिकाऱ्याच्या हाती ब्रह्मविद्या पडू नये, पाठ भ्रष्ट होऊ नये, अशी निरनिराळी कारणे सांगितली जातात. आणि ती सर्वच थोडीबहुत खरी असू शकतील.

ह्या लिपीतील भाषा मात्र अगदी मराठीच होती. ध्वनी तेच, शब्द तेच. बदलली ती केवळ चिन्हे. ती मोठ्याने वाचली की निखळ मराठी गद्य कानी पडते. म्हणून मी हिला डोळ्यांची भाषा म्हणतो. मुखाच्या भाषेला नियम असतो आणि तो ऐकून ऐकून हेरता येतो. डोळ्यांच्या भाषेला किल्ली लागते, आणि किल्ली नेहमी कोणाच्या तरी हाती असते. ती ज्यांच्या हाती होती, त्या महंतांनी हे धन निष्ठेने जपले. पंथ पंजाबात, पेशावरात, थेट काबूलपर्यंत पोहोचला. तेथे तो 'जयकृष्णी' म्हणून ओळखला जाई. मराठीचे हे ग्रंथ त्या दूरदेशीच्या मठांतही पूज्य मानले गेले. परंतु महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला आपल्याच भाषेतील आद्य गद्य शतकानुशतके दिसले नाही.

याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागली. मराठी वाङ्मयाचा इतिहास दीर्घकाळ ह्या ग्रंथांवाचून अपुरा राहिला. आणि पंथाविषयी समाजात जे गैरसमज पसरले, ते दूर करणारा पुरावा कुलुपात असल्यामुळे ते अधिकच रुजले. 'महानुभाव' म्हणजे थोर अनुभवाचा पुरुष. त्याच शब्दाच्या बोली रूपातून आपल्या भाषेत 'मानभावी', म्हणजे ढोंगी, हे विशेषण आले. एका निष्ठावंत पंथावर भाषेनेच केलेला हा अन्याय होय, आणि तो आजही आपण नकळत उच्चारत असतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कुलपे एकेक करून उघडली. वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनी ह्या वाङ्मयाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले, आणि पंथातील उदारमनस्क महंतांनी आपल्या पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. य. खु. देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ह. ना. नेने यांनी १९३०च्या दशकात लीळाचरित्र संपादून छापले, आणि वि. भि. कोलते यांची साक्षेपी आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. ज्या रिद्धपूरच्या परिसरात हे गद्य घडले, तेथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करताना ज्या ग्रंथांची साक्ष काढावी लागते, त्यांत हे एके काळचे कुलूपबंद ग्रंथ अग्रभागी आहेत.

उघड्या दाराची कृत्रिम भाषा

लपविण्यासाठी नव्हे, तर साऱ्या जगाला कळावी म्हणूनही भाषा रचल्या गेल्या. जर्मनीतील श्लायर या धर्मोपदेशकाने १८७९-८० च्या सुमारास 'व्होलाप्यूक' ही भाषा प्रसिद्ध केली. 'र'चा उच्चार काही लोकांना जड जातो म्हणून त्याने हा वर्ण शक्यतो टाळला. मात्र जर्मन वळणाचे स्वर तसेच ठेवले. परभाषकांची एक अडचण दूर करताना स्वतःच्या मातृभाषेची दुसरी अडचण त्याने त्यांच्या गळ्यात घातली. १८८७ मध्ये झामेनहोफ या पोलंडमधील नेत्रवैद्याने 'एस्पेरान्तो' रचली. तिची अठ्ठावीस अक्षरे, पाच स्वर आणि एका अक्षराला एकच उच्चार, हा नियम आपल्या देवनागरीच्या वाचकाला आपलासा वाटेल. तिच्यात ख, घ, भ असे महाप्राण नाहीत. परंतु 'चाक'मधील दंत्य 'च' आणि 'चार'मधील तालव्य 'च' यांसाठी मात्र तिच्यात दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. झामेनहोफच्या परिसरातील भाषांत हा भेद होता, म्हणून तो त्याच्या भाषेत आला. आणि हा भेद आपल्या मराठीतही आहे. हिंदीत तो नाही. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडे, हे दोन शब्द आपण एकाच प्रकारे लिहितो, पण उच्चारतो दोन प्रकारे. विश्वभाषा घडवू पाहणाऱ्यालाही आपल्या गावची वर्णमाला ओलांडता आली नाही, हेच पुन्हा दिसते.

किल्ली कोणाच्या हाती?

शेवटी पुन्हा घरी येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली. तिच्याबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे आली. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी कित्येकांना आणले. आम्ही राहतो त्या इंद्रपुरीसारख्या वसाहतींत त्यांची घरे उभी राहिली. ह्या घरांना सांकेतिक भाषेची निराळी आवश्यकता नव्हती. भाजीबाजारात भाव करताना पतिपत्नी आपसांत मराठीत बोलत. तीच त्यांची नंदभाषा होती.

पुढच्या पिढीत एक सूक्ष्म बदल झाला. मुलांना कळू नये असे काही बोलावयाचे असले की काही घरांतून वडीलधारी माणसे मराठीचा आश्रय घेऊ लागली. ज्या भाषेने परक्यांपासून गुपित राखले, तीच आपल्या लेकरांपासून राखू लागली. मागे एकदा मी नातीला 'च'ची भाषा शिकविण्याचा प्रयत्न केला. तिने नियम क्षणात आत्मसात केला. परंतु 'बाळ'चे तिने 'चलबा' केले, आणि आरंभीचा 'च'ही 'चार'मधला लावला. खेळ बरोबर होता, केवळ ध्वनी निसटले होते. मी तिला 'ळ' म्हणावयास सांगितले. तिने चार वेळा प्रयत्न केला, पाचव्या वेळी तो उमटला, आणि मग दिवसभर ती घरातल्या प्रत्येक वस्तूच्या नावात तो शोधत फिरली.

महानुभावांच्या लिपीची किल्ली पोथीत लिहून ठेवता आली, म्हणून ती राजवाड्यांना लाभली. भाषेच्या ध्वनींची किल्ली अशी लिहून ठेवता येत नाही. ती एका मुखातून दुसऱ्या मुखात, मोठ्याने वाचूनच द्यावी लागते. आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे पुस्तके जपली. पुढील शतकात त्याच्या एखाद्या खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना जवळ बसवून ती पुस्तके मोठ्याने वाचली जावीत, एवढीच माझी ह्या प्रसंगी विनंती आहे. पुस्तके कपाटात सुरक्षित असतील. परंतु 'ळ' हा वर्ण कपाटात ठेवता येत नाही.